पहिल्या खुर्चीचा आरसा

माझं सलून दोन खुर्च्यांचं. दारातून आत आलं की पहिली खुर्ची माझी, तिच्या पलीकडची धाकट्या भावाची. समोरच्या भिंतीवर दोन मोठे आरसे, खाली बेसिन, बेसिनच्या कडेला फेसाचे ब्रश, कंगवे, तुरटीचा खडा. माझ्या आरशाशेजारी खिळ्याला एक छोटा, दांडीचा आरसा टांगलेला असतो. काम संपलं की तो गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा, त्याने समोर बघायचं आणि मान हलवायची. अडतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने नकाराची मान हलवलेली मला आठवत नाही. मागचं तसं कुणालाच धड दिसत नाही, पण एवढ्या अदबीने आरसा धरून कुणी उभं राहिलं की माणूस आपोआप हो म्हणतो.

आमच्या धंद्यात हात आणि तोंड एकदम चालावं लागतं. माझं तोंड शाबूत राहिलं, हात गेला. एका सकाळी चहाचा कप उचलायला गेलो तर कप जागेवर आणि हात भलतीकडे. मेंदूत कुठेतरी बारीकशी गुठळी अडकली होती म्हणे. दहा दिवसांनी घरी आलो तेव्हा जीभ नीट होती, पाय थोडा ओढत होता आणि उजवा हात स्वतःच्या मर्जीचा मालक झाला होता. शर्टाचं बटण धरायला सांगावं तर तो कॉलर धरायचा, आणि वर थरथरायचा.

बायको पहिले पंधरा दिवस माझ्या शर्टाची बटणं लावत राहिली. सोळाव्या दिवशी सलूनमध्ये येऊन, धाकट्यासमोर, माझ्या मेहुण्यासमोर तिने सांगून टाकलं.

"लोकांचे गळे आहेत ते. महिनाअखेरीला माझ्यासमोर आधी स्वतःची दाढी करून दाखवायची. वस्तऱ्याने. रक्ताचा एक थेंब दिसला तर पहिली खुर्ची भावोजींची. तुम्ही दारातल्या बाकावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायच्या."

"अगं, पण गप्पा तर मी आत्ताही मारतो."

"म्हणूनच सोपं जाईल तुम्हाला."

मेहुणा हसला, धाकटा हसला, मीही हसलो. मग घरी जाऊन न्हाणीघरात नळ सोडून रडलो. त्यात लाज कसली? त्या खुर्चीमागे उभा राहून मी बावीस वर्षांचा साठ वर्षांचा झालो होतो. बाकावर बसून मी कोण उरणार होतो, तेच मला कळेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला मागच्या इमारतीत पाठवलं. तिथे हातापायांची हालचाल परत आणण्याचं केंद्र होतं आणि पहिल्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एक नवा प्रयोग चालू होता. खोलीत एक खुर्ची (मी पहिल्यांदा खुर्चीच बघतो, आमची सवय), एक टेबल, खिडकीला निळे पडदे. आणि आरसा नाही. हे मला तेव्हाच खटकलं होतं. बिनआरशाच्या खोलीत खुर्ची ठेवून करतात काय?

प्रयोग करणाऱ्या बाई तिशीच्या, चष्मेवाल्या, हसऱ्या. मी त्यांना टोपीवाल्या मॅडम म्हणायचो, कारण त्या आल्याआल्या माझ्या डोक्यावर रबरी पट्ट्यांची टोपी चढवायच्या. टोपीत मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांना दोन वायरी, वायरींच्या टोकाला साबणाच्या डबीएवढं यंत्र.

"काका, अगदी हलका करंट आहे. मुंग्या आल्यासारखं वाटेल, बाकी काही नाही. हाताची हालचाल ठरवणारा मेंदूचा भाग यामुळे जरा जागा होतो. तो जागा असताना तुम्ही सराव करायचा."

"वस्तरा आणलाय मी."

"वस्तरा ठेवा पिशवीत. हात उशीवर ठेवा आणि अजिबात हलवू नका. सराव मनातल्या मनात."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बसल्या जागी, हात न हलवता, वीस मिनिटं मनात दाढी करायची आणि त्याने हात सुधारणार. बायको म्हणते तशी ही बिनपाण्याचीच झाली. पण मॅडमनी नीट समजावलं. मनात जोरकस सराव केला की मेंदूतल्या त्याच वाटा वापरल्या जातात, वरून करंटची मदत. फक्त एक पथ्य कडक होतं.

"बाहेरून बघायचं नाही, काका. सिनेमा बघतो तसं नाही. आतून करायचं. वस्तऱ्याचं वजन, फेसाचा गारवा, कातडीचा ताण, सगळं तुमच्या हाताला जाणवलं पाहिजे. मी 'थांबा' म्हटलं की थांबायचं, 'सुरू' म्हटलं की सुरू."

सुधारणा मोजायची कशी, हे मात्र मी त्यांना शिकवलं. आमच्याकडे नवा माणूस वस्तरा शिकतो तो फुग्यावर. फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि तो फेस वस्तऱ्याने उतरवायचा. फुगा फुटला की नापास. मॅडम इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी स्वतः फुग्यांची पाकिटं घेऊन आल्या. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी दहा फुगे घेतले आणि दहाही फोडले. शेजारच्या खोलीतले म्हातारे रुग्ण काय झालं बघायला दारात जमले आणि आमच्या दोघांच्या चष्म्यांवर फेस. तशा परिस्थितीतही मला हसू आवरेना.

रोज सकाळी टोपी, मुंग्या, डोळे बंद. मनातल्या गिऱ्हाइकाच्या जागी मी मेहुण्याला बसवलं होतं. त्याचे गाल भरलेले, वस्तऱ्याला सोपे. मी मनात त्याला कापड बांधायचो, फेस लावायचो आणि कल्ल्याखालून वस्तरा सुरू करायचो. हात झकास चालायचा. थरथर नाही, चूक नाही. बाहेर आलो की मात्र जैसे थे.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी सहज विचारलं, "काका, मनातल्या सलूनमध्ये कॅलेंडरवरचे आकडे कसे दिसतात?"

"उलटे."

"आणि खऱ्या?"

खऱ्या सलूनमध्ये ते सरळ आहेत. डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला, म्हणजे डावा. अडतीस वर्षं मी माझं काम आरशात बघत आलो. गिऱ्हाइकाशी बोलतो ते आरशात, दोन्ही कल्ले सारखे झाले का बघतो ते आरशात. डोळे मिटून 'माझा हात' म्हटलं की मला दिसायचा तो आरशातला हात. दहा दिवस मी आरशासमोर उभा राहून आतल्या माणसाला दाढी करताना बघत होतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग तुम्ही नुसते बघत होता. सराव कोण करत होतं?"

"तो."

दोघंही हसलो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि उद्यापासून आतून करायचं असं बजावलं.

मी प्रयत्न केला, खोटं सांगत नाही. पण डोळे मिटले की आरसाच समोर यायचा आणि तो आधीच कामाला लागलेला असायचा. त्याच आठवड्यात मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे मेहुण्याची हनुवटी वर करताना तो करंगळीने उचलायचा. मी कधीच असं करत नाही, मी अंगठा वापरतो. दुसरी म्हणजे मॅडम 'थांबा' म्हणायच्या तेव्हा मी थांबायचो. तो हातातला गाल पुरा करायचा, वस्तरा टॉवेलला पुसायचा आणि मग थांबायचा.

"मॅडम, तो सांगितल्यावर लगेच थांबत नाही."

"कल्पना चांगली रंगलीय तुमची," त्या म्हणाल्या. "हे चांगलं लक्षण आहे."

कारागीर म्हणून मला त्याचं पटलं. अर्धा गाल टाकून कुणी थांबतं का?

तिसऱ्या आठवड्यात केंद्रात परत दहा फुगे घेतले, परत दहाही फुटले. महिनाअखेर आठ दिवसांवर आली होती. मी तोंड पाडून सलूनमध्ये आलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, धाकटा जेवायला गेलेला. उरलेल्या फुग्यांपैकी एक लाल फुगा फुगवून मी पहिल्या खुर्चीच्या पाठीला बांधला, फेस लावला, मागे उभा राहिलो आणि सवयीने आरशात बघितलं.

हात स्थिर होता.

फेस एका पट्ट्यात उतरला. मग दुसऱ्या पट्ट्यात. सगळा फेस उतरला आणि फुगा लालभडक, सबंध, खुर्चीवर डुलत राहिला. आनंदाने मी खाली हाताकडे बघितलं तर हात थरथरला, वस्तरा टेकला आणि फुगा फुटला. परत आरशात बघून दुसरा केला. तो टिकला. तिसरा टिकला. धाकटा जेवून आला तेव्हा खुर्चीवर सात फुगे बांधलेले होते आणि मी गाणं म्हणत होतो.

"दादा, कुणाचा वाढदिवस आहे?"

"माझा," मी म्हटलं.

मॅडम मुद्दाम सलूनमध्ये बघायला आल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मेंदू डोळ्यांवर विश्वास ठेवतो, आरशाचे उपचार जुनेच आहेत, तुमचा सराव आरशातला म्हणून गुण आरशात आला, असं त्यांनी मला समजावलं. मला ते पटलं. आजही पटतं. फक्त जाता जाता त्या एकदा आरशाकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, जरा परत करून दाखवता?" मी केलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, मान हलवली आणि गेल्या.

काय बघितलं त्यांनी, हे मला दोन दिवसांनी कळलं. मेहुण्याला पकडून बसवला होता. बायकोला पत्ता लागू द्यायचा नव्हता. मेहुणा डोळे गच्च मिटून बसला.

"भाऊजी, ताईला काय सांगू? मी कशाने गेलो म्हणून सांगू?"

"हलू नकोस म्हणजे काही सांगावं लागणार नाही."

एक गाल छान झाला. दुसऱ्या गालाला हनुवटी वर केली तर तो डोळे न उघडता म्हणाला, "हे करंगळीचं काय नवीन?"

मी बघितलं. माझी करंगळी त्याच्या हनुवटीखाली होती.

मी काम चालू ठेवलं. वस्तरा गळ्याशी असताना आरशातला हात अचानक वर उठला, कातडीपासून चांगला वीतभर लांब. माझाही उठला, त्याच्या मागोमाग. का उठला, मला कळेना. आणि मग मेहुणा शिंकला.

शिंक सणसणीत होती. खुर्ची हलली, फेस उडाला. वस्तरा तिथेच असता तर काय झालं असतं, या विचाराने मी घामाघूम झालो. आरशातला माणूस वस्तरा हवेत धरून शांतपणे मेहुण्याचं नाक पुसून होण्याची वाट बघत होता. मीही तसाच उभा होतो, पण मला कुणी विचारलं असतं तर मी बसलो असतो.

तो माझ्या पुढे होता. फार नाही, डोळा लवेल एवढाच. पण वस्तरा आधी तो उचलायचा आणि मग मी.

आता कुणी म्हणेल, घाबरलास कसा नाहीस? घाबरलो. त्या दिवशी घरी जाऊन घटाघटा दोन तांबे पाणी प्यायलो. पण नंतर शांतपणे विचार केला. हात चालतोय. रक्त नाही. मेहुण्याचा गळा जागेवर आहे. खुर्ची माझी राहतेय. इतका सावध कारागीर शोधून सापडत नाही. पुढे असेल तर असू दे बापडा.

महिनाअखेरचा दिवस उजाडला. सकाळी नऊला सलूनमध्ये परीक्षक जमले. बायको, धाकटा, मेहुणा, आणि खास बोलावलेल्या टोपीवाल्या मॅडम. बायकोने पहाटेच फरशी पुसून घेतली होती. पाय दमतो म्हणून मी खुर्चीत बसूनच करणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या खुर्चीत बसलो. धाकट्याने गळ्याभोवती कापड बांधलं. माझे केस आजारपणापासून कापलेले नव्हते, मानेवर चांगले कॉलरपर्यंत आले होते. बायको म्हणाली, "त्यांचं नंतर बघू. आधी दाढी."

मी फेस लावला. वस्तरा उघडला. आरशात बघितलं. तोही बसला होता, त्याच्याही गालांना फेस होता आणि त्याचा हात दगडासारखा स्थिर होता.

पहिला गाल झाला. मेहुण्याने टाळी वाजवली, बायकोने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. दुसरा गाल झाला. हनुवटी झाली. उरला गळा.

तेवढ्यात बायको मागच्या खोलीत जाऊन गरम पाण्याचं पातेलं घेऊन आली. गरम टॉवेलने गाल शेकायला हवेत ना शेवटी, माझीच सगळ्यांना लावलेली शिस्त. तिने पातेलं बेसिनवर ठेवलं, आरशाच्या अगदी खाली. आरशाचं गुपित मी तिला सांगितलंच नव्हतं.

वाफ वर चढली.

आधी त्याचं पोट गेलं, मग छाती, मग हात. वस्तरा माझ्या गळ्यावर होता आणि समोर नुसता पांढरा पडदा. मॅडम खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. त्यांना माहीत होतं.

मी थांबायचं ठरवलं. हाताला सांगितलं, थांब.

हात थांबला नाही.

थरथरलाही नाही. उजव्या बाजूने खाली आला, वळला, डावीकडे गेला. मध्येच करंगळीने माझी हनुवटी वर उचलली. एक पट्टा, दुसरा पट्टा, शेवटचा कानाखालचा. मग हाताने वस्तरा टॉवेलला दोन्ही बाजूंनी पुसला, मिटला आणि बेसिनवर ठेवला. तेव्हा कुठे तो माझा झाला आणि मांडीवर पडला.

बायको पुढे आली. तिने माझा चेहरा उजेडाकडे वळवला, गाल, हनुवटी, गळा बोटांनी तपासला. थेंब नव्हता. तिचे डोळे भरून आले.

"खुर्ची तुमची," ती म्हणाली.

मग काय विचारता. मेहुणा नाचायचाच बाकी होता. धाकट्याने पाया पडून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "बघितलंत, काका? आरशाशिवायही जमलं. आता टोपीची गरज नाही." त्या इतक्या खूश होत्या की मी काही बोललो नाही. सगळ्यांनी समोरच्या हॉटेलात चहा घ्यायचं ठरलं. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी दोन मिनिटं बसतो. माझ्या खुर्चीत.

ते गेले. रस्ता ओलांडताना मेहुण्याचं हसणं ऐकू येत होतं. ऊन दारातून फरशीपर्यंत आलं होतं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दोन्ही हात कापडाखाली मांडीवर ठेवून मी निवांत मागे टेकलो.

आरशावरची वाफ मधून विरायला लागली. माझा चेहरा दिसला, गुळगुळीत. मग खांदे. मग त्याचा हात.

त्याचा हात कापडाबाहेर होता. डोक्यामागे नेलेला, आणि त्या हातात दांडीचा छोटा आरसा.

मी खिळ्याकडे बघितलं. आमचा छोटा आरसा खिळ्यालाच होता.

परत समोर बघितलं. त्याने आरसा जरा तिरपा केला, मला नीट दिसावं म्हणून. त्यात मानेवरचे केस सरळ रेषेत कापलेले होते, दोन्ही बाजूंना सारखे, माझ्या हातूनही कधी झाले नाहीत इतके. माझ्या मानेला गार वाटलं.

तो घाईत नव्हता. आरसा अदबीने धरून, माझ्याकडे बघत थांबला होता.

मी मान हलवली.